निळी नखं

मंगळवार, संध्याकाळ. बदलापूर.

आमच्या ह्यांना उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात हल्लीच शिलाईवरून रंगाच्या कामावर टाकलंय. नखं निळी झाली, तर ह्यांनी मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणाला, हार्ट. झालं! मला न सांगता रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, त्याही रिकाम्या पोटी. उशीचा अभ्राही निळा होतोय, मी रोज घासतेय. त्यालाही हार्ट आहे का? पण बायकोला काय कळतं!

आज काळी उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी नखांवर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा निळा, नखं गुलाबी. "रंग आहे हा. पण गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झालाय. ॲडमिट करा."

कपडे आणायला निघाले, तर हे सलाईन लावलेल्या हातानं, त्याच गुलाबी नखांनी मोबाईलवर शोधतायत: काळी उलटी कशाने होते?