मदरचं मौन आणि माझा पासपोर्ट

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात निम्माच घडला, उरलेला मनाने घातला असं समज.) तुझी पाठ कशी आहे? भावजी अजून गोळ्या घेतल्याच्या थापा मारतात का? आई भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बोट दाखवून "ही कोणाची गं?" असं विचारते, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. ओठ प्रभूचं नाव घेतात आणि मन तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतं.

या परदेशातून घरी यायला आमच्या मठाच्या प्रमुख मदरनी परवानगी दिली, त्यांच्या वरच्यांनीही दिली. राहता राहिला नव्या पासपोर्टच्या खिडकीवरचा चष्मेवाला. माझं जन्माचं नाव एक आणि व्रत घेतल्यानंतरचं दुसरं, हे बघून त्याने विचारलं की नाव लग्नानंतर बदललं का. मी भोळेपणाने म्हटलं, तसंच काहीसं (आम्हाला प्रभूच्या वधू म्हणतात ना). झालं! पतीच्या सहीचं संमतिपत्र आणा म्हणाला. (हसू नकोस. मागे रांगेत उभी असलेली बाई हसली तेवढं पुरे.) पुढे त्याने पतीचा राहण्याचा पत्ता विचारला. सर्वत्र, असं तोंडावर आलं होतं, पण जीभ चावली. नसती पीडा नको म्हणून सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, तर तो म्हणाला की तसा रकाना नाही.

मग फोटो. दोन्ही कान दिसले पाहिजेत, हा नियम. फोटोवाल्याने बिचाऱ्याने मान वळवली आणि मी डोक्यावरचं वस्त्र मागे सारलं. आमच्याकडे आरसा आहे तो तळहाताएवढा, त्यात एका वेळी एकच गाल मावतो. त्यामुळे फोटो हातात आला तेव्हा मी चपापलेच. ताई, ते आईचे कान आहेत गं, कपाळही तिचंच. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. फोटोवाल्याला वाटलं फोटो बिघडला, त्याने आणखी एक काढून दिला. (त्यात डोळे सुजलेले आहेत.)

खरी गंमत पुढेच. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा आणि मोबाईलवर आलेला आकडा लगेच टाकायचा. आमच्या सगळ्या मठाचा मोबाईल एकच, तो मदरकडे, आणि तो आठवडा नेमका मौनाचा. आकडा आला की मदर प्रार्थनागृहाच्या दारात येऊन बोटांनी दाखवायच्या आणि मी ऑफिसातून बघून टाकायचा, असं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. नऊ दाखवायला एक हात पुरेना तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातातली जपमाळ दातात धरली. मग आलं शून्य. शून्य कसं दाखवायचं ते ठरलंच नव्हतं. त्यांनी मूठ वळून माझ्यापुढे धरली. मला वाटलं रागावल्या, मी मान खाली घालून उभी राहिले. तोवर आकड्याची मुदत संपली. दुसऱ्या खेपेला मदरनी मौन मोडलं आणि "शून्य!" अशा ओरडल्या, की प्रार्थनेतल्या सगळ्या दचकल्या. माझ्यापायी त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तरी चकार शब्द बोलल्या नाहीत. (मौनच होतं म्हणा.)

इथे मी सुखात आहे, हे पूर्वीही लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना तुम्हा दोघींची फार आठवण येते. आई माझी वेणी घालताना केस ओढायची. ते दुखणंसुद्धा आता हवंसं वाटतं.

तुझी धाकटी

ता. क. आईची एखादी विरलेली चादर असेल तर पुसणं करू नकोस, माझ्यासाठी ठेव.

आणखी एक ता. क. वरचं सगळं घडलं ते खरं, पण त्याला बरेच दिवस झाले. पासपोर्ट आलाय, उशीखाली आहे. मदर रोज विचारतात, तिकीट कधी काढायचं? आणि मी सांगते, एक कागद राहिलाय. (भावजींना म्हणावं, थापा मारण्यात तुम्ही एकटे नाही.) मला भीती वाटते, ताई. मी दारात उभी राहीन आणि आई तुला विचारेल, ही कोण? चष्मेवाल्याशी मी हुज्जत घातली, आईशी कशी घालू? तिने ओळखलं नाही तरी मला शेजारी बसू देईल का, एवढं तिला विचारून कळव. हो म्हणाली तर मी निघालेच.