बाभूळढवचा पुकारा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

पडलं शेवटी माझ्याच गळ्यात! भीमा-घोड शालेय क्रीडा मंडळाला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढायची आहे, आणि "मंडळाचा इतिहास व सभासद शाळा" हा लेख रुपाली मॅडम लिहिणार — टाळ्या! मी बैठकीला उशिरा पोचले हाच गुन्हा. शिक्रापूरच्या चौकात ट्रक हलेचनात. तोवर इकडे ठराव मंजूर.

काय तो इतिहास! जिल्ह्याच्या स्पर्धांत शहरातल्या शाळा आमच्या पोरांना धूळ चारायच्या, म्हणून शिरूर-दौंडच्या शाळांनी ठरवलं, आपण आपल्यात खेळू. मग भांडणं. कारखान्याची शाळा पंचाच्या एका शिट्टीवरून रुसून बाहेर पडली, तीन वर्षांनी गुपचूप परत आली. एका शाळेनं मैदान विकून सभागृह बांधलं आणि तरी सभासद राहिली. दोन पानांत आटपेल.

एक मात्र गंमत आहे. खेळणाऱ्या शाळा सात, यादीत आठ. आठवी बाभूळढव. ती शाळा केव्हाच बंद पडली. तरी मुलींच्या खो-खोच्या चिठ्ठ्यांत तिची चिठ्ठी टाकतात, मैदानावर तीनदा नाव पुकारतात, पाच मिनिटं थांबतात आणि मग समोरच्या संघाला पुढे चाल देतात. का? कोणालाही विचारा — "आठ झाले की चिठ्ठ्या बरोबर बसतात, मॅडम."

मी म्हटलं, मग हायवेवरची नवी इंग्रजी शाळा घ्या, तीही आठवीच होईल की! सगळ्यांच्या माना डोलल्या. पुढच्या वर्षापासून बाभूळढव बाद. मंडळाचे पहिले चिटणीस आनंदराव सर तेवढे गप्प होते. पंचाहत्तरी ओलांडली, अजून पुकारा तेच करतात. वाईट वाटलं असेल. वाटू दे. मेलेल्या शाळेचं नाव किती दिवस वागवायचं!

४ डिसेंबर

आज म्हाळसानं खांबावर जे केलं ते मी स्वतःही कधी केलं नाही. पाठलागावर होती. एका हातानं खांब धरला, अंग आडवं झोकून दिलं आणि पलीकडच्या पोरीच्या टाचेला बोट लावलं! बाकीच्या पोरी "मॅडम, बघितलं?" म्हणून ओरडायला लागल्या. बघितलं तर! दहावीत आहे, सोळा वर्षांची. आजीचं नाव ठेवलंय, त्याची तिला लाज वाटते. जानेवारीत पुण्याला निवासी क्रीडा शाळेची निवड चाचणी आहे. राहणं, खाणं, कॉलेज — सगळं तिथंच. ही पोरगी तिथं गेली पाहिजे. मंडळाच्या स्पर्धेत उठून दिसली की मुख्याध्यापक पत्र देतो म्हणालेत.

सराव पाचलाच थांबवावा लागतो. वडगावच्या उसात परत बिबट्या दिसला.

९ डिसेंबर

म्हाळसा आली नाही. कर्णधारच नाही तर बाकीच्या नुसत्या हसत बसल्या.

१० डिसेंबर

"काल मला बघायला आले होते मॅडम." हे बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं तिनं! मान वर न करता. मुलगा शिक्रापूरला कंपनीत आहे. पौष लागायच्या आत सुपारी फोडायची. रविवारी, एकोणतीस तारखेला. स्पर्धा संपते शनिवारी.

मी तशीच स्कूटी काढून तिच्या वस्तीवर गेले. आजोबा, गेणबा आबा, ओसरीवर बसलेले. चहा आला. मी चढ्या आवाजातच बोलले, मान्य. ते मात्र शांत.

"म्या आज्जा हाय तिचा, वैरी न्हाई. तिचा बाप मेंढरांमागं, आई दुसऱ्याच्या उसात. पोर घरात एकटी. मॅडम, मला बिबट्याचं भ्या वाटत न्हाई, मानसांचं वाटतं."

"आबा, ती पुण्याला जाईल. तिथं राहायची सोय आहे, बाई असतात लक्ष ठेवायला—"

"आन् परत आल्यावर? तवा कोन करून घील तिला?"

मी कप खाली ठेवला. मी निघताना आबा म्हणाले, "खेळू द्या की तिला स्पर्धा. म्या कुठं न्हाई म्हनतोय?"

१२ डिसेंबर

बालविवाह थांबवायचं काम त्यांच्याकडं असतं म्हणून ग्रामसेवकांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "सुपारी म्हणजे लग्न नाही, मॅडम. लग्न लावतायत असं कळलं की सांगा, लगेच थांबवतो." आणि सुपारीनंतर एखाद्या रविवारी देवाच्या नावानं उरकून घेतात, ते कळणार कुणाला? तेही जाणतात, मीही जाणते. मुख्याध्यापक म्हणाले, गावाशी वाकडं नको. स्मरणिकेच्या लेखाचं काय झालं, हेही विचारलं!

१५ डिसेंबर, रविवार

लेखासाठी म्हणून केडगावला आनंदराव सरांकडे गेले होते. आता वाटतं, गेले नसते तर बरं झालं असतं.

पहिल्या वर्षांच्या गोष्टी मजेत सांगितल्या. बैलगाडीतून आलेले संघ, फक्की संपली म्हणून राखेनं आखलेलं मैदान. मी हसत लिहीत होते. मग विचारलं, "सर, बाभूळढवची शाळा बंद पडली कशी?"

त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. मग सुरुवात केली. सव्वीस वर्षं झाली. नदीकाठचं छोटं गाव, पण मुलींचा खो-खोचा संघ असा की दोन वर्षं अजिंक्य. त्या वर्षीही अंतिम फेरीत. तेव्हा स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या.

"सामन्याच्या आधी आठवडाभर गावानं सामुदायिक विवाह ठेवला. मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं. खर्च वाचवला म्हणून गावाचं कौतुक केलं मी, भाषण ठोकलं. अक्षता टाकल्या. बुंदी खाल्ली. एका मांडवात किती जोडपी! मुंडावळ्या, नऊवाऱ्या, खाली माना..." मध्येच पाणी प्यायले. "अंतिम सामन्याला मी पुकारा केला. बाभूळढव! कोणी नाही. परत केला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. अख्खा संघ त्या मांडवात ओळीनं उभा होता, मॅडम. मी दोन वर्षं त्या पोरींच्या गळ्यात पदकं घातलेली. आणि लुगड्यात मला एकही ओळखू आली नाही."

त्यानंतर त्या गावच्या दहावीत मुलीच उरल्या नाहीत. शाळा सुकत गेली आणि बंद पडली.

"मग दर वर्षी नाव का पुकारता?"

"आठ झाले की चिठ्ठ्या बरोबर बसतात." हे बोलताना माझ्याकडं बघितलं नाही. मग हळूच, "थांबवायचं कसं ते कळलं नाही मला."

आणि मी ते थांबवायचा ठराव मांडून बसले आहे. येताना स्कूटी चालवताना सारखं मागं कोणीतरी बसलंय असं वाटत होतं. चौफुल्यावर खरंच मान वळवून बघितलं. मूर्खपणा!

१८ डिसेंबर

मैदान आखलं. आठ चौक, दोन खांब. सरावाआधी एकटीच उभी होते. रिकामे चौक बघवेनात. प्रत्येक चौकात कोणीतरी उकिडवं बसलंय, पाठीवर थाप पडायची वाट बघतंय असं वाटायला लागलं — आणि थाप मारणारी येतच नाही. पोरी धावत आल्या तेव्हा मी त्यांच्यावर उगाच खेकसले. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

म्हाळसा आजकाल फार बोलत नाही. खेळते मात्र अशी की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

२१ डिसेंबर

स्मरणिकेचा लेख दिला. बाभूळढवबद्दल एकच ओळ — "ही शाळा पुढे बंद झाली." लाज वाटली. खरं छापतंय कोण?

२७ डिसेंबर, शुक्रवार

 नीट लिहिते.

केडगावचं मैदान. मंडप, स्पीकर, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, सगळं. मुलींची पहिली फेरी. आनंदराव सरांचा घसा बसलेला. माईक माझ्या हातात देऊन नुसते म्हणाले, "शेवटचा आहे. तुम्हीच करा."

मी पुकारलं, "बाभूळढव — पहिला पुकारा!"  पोरं हसायची थांबली. दोरीपलीकडं बायकांत बसलेली एक हिरव्या साडीतली बाई उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली असेल. "दुसरा पुकारा!" तिनं पायातल्या चपला काढल्या.  "तिसरा..." तिनं पदर कमरेला खोचला आणि तशीच ताठ उभी राहिली, नजर खांबावर. ती पाच मिनिटं! पंचानं शिट्टी मारली, पुढे चाल दिली, तेव्हा ती खाली बसली. एकटीच परत चपला शोधत होती. आनंदराव सरांनीही बघितलं. तोंडावर उपरणं धरून मंडपाबाहेर गेले.

मी धावतच तिच्याकडं गेले. "तुम्ही बाभूळढवच्या?"

"व्हय. नकुशी. कर्णधार हुते." मग माझ्याकडं नीट बघून, "तुमच्या म्हाळसाची सासू हुनार हाय म्या. पोरगी कशी चालती-बोलती ते बघाया आले."

 देवा, हीच? ज्या बाईला मांडवात उभं केलं, तीच आता दुसरीला उभी करणार!

"आमचं नाव अजून पुकारत्यात, ठावंच नव्हतं," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर मैदानाकडं कवा फिरकलेच न्हाई."

मी सगळं एका दमात ओतलं — चाचणी, पुणे, वय, सोळाच वर्षं हो बाई! पाया पडायचंच तेवढं बाकी राहिलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "खेळून काय हुतंय, मॅडम? म्या बी खेळलेय. मिळालं का काय?" म्हाळसा तेव्हा पलीकडं सराव करत होती. ही बघत राहिली. "खांबावर हिला कुनी शिकीवलं?"

"मी."

"हं." मग, "चाचनी कवा म्हनलात?"

"जानेवारीत."

तिनं पदर सोडला आणि बायकांत जाऊन बसली. मला तिचा इतका राग आला की रडू फुटलं. पुरुषांनी केलं तर एक वेळ समजेल. हिनं?

२८ डिसेंबर, शनिवार

जिंकलो. म्हाळसानं एकटीनं सहा बाद केल्या. बक्षिसाला नाव पुकारलं तर ती जागेवर नाही! चुलता मोटारसायकलवर घेऊन गेला होता, उद्याची तयारी म्हणून. चषक मी घेतला. फोटोवाला म्हणाला, "हसा की मॅडम!"

२९ डिसेंबर, रविवार

आज सुपारी. दिवसभर फोन हातात. कोणाला लावायचा? भाजी करपली. नवऱ्यानं तशीच खाल्ली.

३० डिसेंबर, सोमवार

गेणबा आबा प्रार्थनेआधीच शाळेत हजर, मागं म्हाळसा. सोयरीक मोडली! काल सुपारी फोडायच्या वेळी नकुशीबाई पाटावरून उठल्या, नारळ परत केला आणि दोन्हीकडच्या भावकीसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "ही पोरगी म्हंजी गडी हाय. म्या मैदानावर बघितलीय. हिला आमीच काय, कुनीच घरात घीऊ नये." आबा संतापानं थरथरत होते — "कुनीच म्हनली, मॅडम! आता चार-पाच वरीस हिच्यासाठी दारात पाव्हना यायचा न्हाई. तवर काय करू हिचं? न्या तुमच्या पुण्याला!"

म्हाळसा रडत रडत त्या बाईला शिव्या घालत होती. मी घालू दिल्या.