जावयाने गिळलेल्या 'में'बाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार : शांताक्का बेवा शिवलिंगप्पा, धंदा तेलाचा घाणा, राहणार मौजे हिप्परगेवाडी, नळदुर्गाच्या अलीकडं.

विषय : जावयानं गिळलेला 'में' सरकारमार्फत बाहेर काढून फुटबॉलचा निकाल दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : वेळा अमावास्येला अर्जदाराच्या पडीक रानात झालेला सामना, हिप्परगेवाडी विरुद्ध नळदुर्ग.

महोदय,

वर 'मेहेरबान' लिहिलं आहे ते रिवाज म्हणून. मेहेरबानी झाली की मनापासून लिहीन. अर्ज उर्दूत द्यावा असा कचेरीचा दस्तूर आहे, हे अर्जदारास ठाऊक आहे. पण सगळा घोळ उर्दूनंच घातला असल्यानं अर्ज मराठीत दिला आहे. माफी असावी.

१. अर्जदाराचे जावई मल्लिकार्जुन, शाळेतले ड्रिलमास्तर, यांची वर्तणूक ठीक नाही. दारू, पत्ते यातलं काही नाही. असतं तर सोपं होतं, अर्जदारानं घरच्या घरी बंदोबस्त केला असता. जावईबापू घरात कानडी बोलतात, शेजाऱ्यांशी मराठी बोलतात, पण एकदा का खाकी चड्डी चढली आणि गळ्यात सीटी आली की उर्दूखेरीज शब्द काढत नाहीत. उर्दूबद्दल तक्रार नाही. हैदराबादचे व्यापारी तेल न्यायला येतात, त्यांच्याशी अर्जदारही उर्दूत बोलते आणि भाव आपलाच घेते. पण ते लोक 'बाद में' म्हणतात, तेव्हा 'नंतर' हे कळतं. जावईबापू 'में' गिळतात आणि नुसतं 'बाद' म्हणतात. मराठी मुलखात 'बाद' म्हणजे रद्द, हे साहेबांना सांगायला नको.

२. आता सामन्याची हकिकत. वेळा अमावास्येच्या पूजेला आणि जेवणाला सगळा गाव रानात होता. दोन्ही संघांना भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबील अर्जदारानंच वाढलं. आमचे गडी ती आंबवलेली अंबील असे प्याले की पुढं ते धावत होते का डुलत होते, हे देव जाणे. नळदुर्गकरांनी बेतानं खाल्लं आणि एक गोल केला. पाहुण्यांनी ताटाला मान दिला असता तर हा अर्ज लिहायची वेळच आली नसती.

३. सामना सरत आला तेव्हा बब्रुवान लोहारानं चेंडूला अशी लाथ मारली की, तो नळदुर्गच्या माणसाच्या दोन पायांतून गोलात गेला. त्याच दमात सामना सरल्याची सीटी वाजली. आधी गोल का आधी सीटी, असा एकच कालवा उठला. रेफरी जावईबापूच होते; ते छाती काढून पुढं आले, हात वर केला आणि बोलले, "पहले गोल, बाद सीटी!"

४. ते काय बोलले हे सरकारी माणसाच्या लगेच ध्यानात येईल. गोल आधी झाला, सीटी नंतर वाजली. म्हणजे गोल खरा, सामना बरोबरीत. पण अख्ख्या हिप्परगेवाडीनं ऐकलं ते असं : "गोल बाद." आणि मग सीटी. बाभळीला पाटी टांगून वीरप्पा किराणेवाले गोल मांडत होते. त्यांनी घाईनं ओढलेली रेघ थुंकी लावून पुसली. नळदुर्गकर नाचायला लागले. आमचा गाव हरला, आणि जावईबापू हात तसाच वर धरून, पुतळ्यासारखे उभे राहिले. 'अहो, मी गोल दिलाय' एवढं मराठीत म्हणायला त्यांना कोणी बंदी केली होती, याचा तपास व्हावा.

५. त्या दिवसापासून गावात दोन तट आहेत. एक तट म्हणतो, बब्रुवानचा हात लागला होता, बाद केला ते बरोबर केलं. दुसरा म्हणतो, हात नाही, कोपर लागलं, आणि कोपर म्हणजे हात नव्हे. बब्रुवान स्वतः म्हणतो, आपल्याला काय लागलं ते आठवत नाही, पण अजून दुखतंय. हे सगळं अर्जदाराच्या ओट्यावर चालतं. दोन पायल्या उभ्या करून गोल मांडतात, कांद्याचा चेंडू करतात. परवा कांदा चेंडूसारखा उडत नाही म्हणून नारळ घेतला. तो नारळ गोलात गेला नाही, अर्जदाराच्या पाण्याच्या रांजणात गेला. रांजण फुटल्यावरसुद्धा दोन्ही तटांत वाद असा की, रांजण गोलाच्या आत होता का बाहेर.

६. इथवर अर्जदारानं सोसलं. पण पुढं दगडाबाई पाणवठ्यावर बोलली की, "शांताक्कानं दिवाळसणाला जावयाला नुसतं धोतर नेसवलं, उपरण्याला जर लावली न्हाय. म्हणून त्यानं सासुरवाडीचा गोल खाल्ला." साहेब, उपरण्याला जर होती. बोटभर रुंद होती. ज्यांना दिसली नाही त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. या गावात गोल गेल्याचं दुःख असेल, पण अर्जदाराची अब्रू रांजणासारखी फोडता येणार नाही.

७. आता मुख्य बाब. अर्जदाराची लेक महादेवी बाळंतपणाला माहेरी आली आहे. नातू झाला आहे. पाळणा टांगलेला आहे, बारशाला जंगमस्वामींना सांगून झालं आहे, गूळ-खोबरं आणलेलं आहे. पण सामन्याच्या दिवशी पोरांनी आरडाओरडा करून जावईबापूंना वेशीबाहेर घालवलं, तेव्हा ते ओरडून गेले, "इस गाव की मिट्टी को पाँव नहीं लगाऊंगा!" हे मात्र नीट, एकही शब्द न गिळता. तेव्हापासून ते आले नाहीत. आमच्यात बापाच्या मांडीवर बसल्याशिवाय लेकराच्या कानात नाव पडत नाही. लेकरू बिननावाचं राहिलं आहे. गावाला तेवढं पुरेसं होतं. एक तट त्याला 'गोलप्पा' म्हणून हाका मारतो, दुसरा 'बादप्पा'. अर्जदाराचा नातू, शिवलिंगप्पांचा वंश, आणि त्याला म्हणे बादप्पा. लेक आतल्या खोलीत बसून रडते, आणि ओट्यावर कांदे उडत असतात.

८. रडता रडता लेकीनंच ही गाठ सोडवली. म्हणाली, "आई, घरीसुद्धा ते असंच बोलतात. एकदा म्हणाले, 'पहले नहाना, बाद भाकरी.' सासूबाईंना वाटलं, भाकरी बाद. त्यांनी ताट उचलून भाकरी म्हशीला घातली. हे न्हाऊन आले तर ताट रिकामं." अर्जदारानं तिथंच कपाळावर हात मारला. तिथं भाकरी म्हशीनं खाल्ली, इथं गोल वीरप्पानं पुसला, एवढाच फरक.

९. अर्जदारानं गाडीवान बंडप्पाला पाठवून जावईबापूंना विचारलं की, खरं काय ते बोला. निरोप आला, "बोललो ते बोललो. आता गोल दिला म्हणालो तर लोक म्हणतील, सासूच्या हातची अंबील प्याला आणि फिरला. रेफरी फिरत नाही." साहेब, धन्य आहे. भज्जी खाताना फिरला नाही, तिसऱ्यांदा अंबील मागताना फिरला नाही. फक्त बायको-लेकराकडं यायला फिरत नाही.

तरी साहेबांनी पुढीलप्रमाणे हुकूम करावा. सामना बरोबरीत सुटला अशी दवंडी पिटावी, मराठीत, आणि पिटणाऱ्यानं शब्द पूर्ण उच्चारावेत. वीरप्पांनी पाटीवर रेघ पुन्हा ओढावी, थुंकी न लावता. ज्यांच्या गळ्यात सीटी आहे त्यांनी तोंडानं फक्त सीटीच वाजवावी, बोलायचं काम दुसऱ्याला द्यावं. आणि नातवाला गोलप्पा किंवा बादप्पा म्हणणाऱ्याला आमच्या घाण्याचं तेल मिळणार नाही, हा अर्जदाराचा हुकूम झालेला आहे. त्यावर सरकारनं फक्त शिक्का मारावा.

साहेबांना फुटबॉल कळत नसल्यास हरकत नाही. तो इथं कोणालाच कळत नाही.

आपली नम्र, कामापुरती,
शांताक्का बेवा शिवलिंगप्पा
(सही स्वतःच्या हातची आहे, अंगठा नव्हे)

मौजे हिप्परगेवाडी, माहे फरवर्दी, १३५४ फसली.

सोबत : फुटलेल्या रांजणाचं एक खापर. जरीचं उपरणं पुरावा म्हणून जोडणार होते, पण ते जावयाकडंच आहे.

ता. क. : अर्ज पुरा करून घडी घालत होते तोच दारात बैलगाडी थांबली. सासू तहसीलदारांना अर्ज करतीय ही बातमी अर्ज निघण्याआधीच जावईबापूंपर्यंत पोचली होती. मातीला पाय लावणार नाही ही शपथ मोडू नये म्हणून ते बंडप्पाच्या गाडीत दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसले होते. गळ्यात सीटी, खांद्यावर उपरणं. जर उन्हात चकाकत होती, ती दगडाबाईनं बघितली.

ओट्यावरचे दोन्ही तट उठून उभे राहिले. जावईबापू मान खाली घालून मराठीत बोलले, "मामी, गोल मी दिला होता. खरंच दिला होता. पण अर्ज पाठवू नका, माझी नोकरी जाईल." वीरप्पांनी खडू काढला. बब्रुवान पहिल्यांदा हसला. महादेवी लेकराला घेऊन उंबऱ्याशी आली, तरी जावईबापू गाडीतून उतरेनात. शपथ आड येत होती.

तेव्हा हा अर्ज ठेवायचा का पाठवायचा, ते अजून ठरलेलं नाही. मी पाळण्याखालची चटई ओढून आणली, गाडीच्या चाकापासून उंबऱ्यापर्यंत अंथरली, म्हणजे मातीला पाय लागायला नको, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले :

"उतरा जावईबापू. पहिला पाळणा, बाद रुसवा. उर्दूत ऐका नाहीतर मराठीत ऐका, ते तुम्ही ठरवा."