ड्रायव्हर मी काढून टाकला आहे

अहो,

तुमच्या त्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात माझ्या चार दुपारी गेल्या. शेवटी एका कोरियन साइटवर सापडला, तोही तिसऱ्या प्रयत्नात बसला. काल मंडळाच्या लोकांसमोर तुम्ही म्हणालात, "मीच बसवला. हिला माउससुद्धा धरता येत नाही." सगळे हसले. मी चहा दिला.

आज सकाळी ड्रायव्हर काढून टाकला, फाइलही पुसली. प्रिंटरखालचं मॉडेल नंबरचं स्टिकर खरवडलं. संध्याकाळच्या सभेसाठी साठ पत्रकं छापायची आहेत, माहीत आहे. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान आज बंद आहे, बघून आले.

चामराजपेटला अक्काकडे चालले आहे. भात कुकरमध्ये आहे. सभेत कुणी विचारलं तर सांगा, बसवणारी घरात नाही.

हेमलता