कंपनीला घातलेलं गाऱ्हाणं

रत्नागिरी, ११ मार्च २००४

ती. उल्काताईस धाकट्या परशुरामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवलंय म्हणून लगेच टपली मारू नकोस, पत्र पुरतं वाच.) गुडघे काय म्हणतात? सुपाऱ्या सोलून झाल्या का? मी इकडे खुशाल आहे, म्हणजे जेवतो, झोपतो आणि इंग्रजी शिकतो.

दिवाळीत तू म्हणालीस, "तुझा आंबा विलायतेला निघाला की पहिली पेटी बघायला येईन, तोवर बोलावू नको." तू थट्टेत म्हणालीस, मी मनावर घेतलं. मुंबईच्या एका निर्यातवाल्या कंपनीचा फॉर्म आणला. तो इंग्रजीत भरायचा, म्हणून संध्याकाळी ऋजुताबाई बागायतदारांचा इंग्रजीचा वर्ग घेतात, त्यात नाव घातलं. बाई पंचविशीच्या, मी बासष्ट वर्षांचा. बाकात पाय मावत नाहीत.

त्या आठवड्याचा शब्द होता 'प्रिव्हेलंट'. म्हणजे जिकडेतिकडे चालू असलेलं. त्याची भावंडंही बाईंनी फळ्यावर मांडली. 'वाइडस्प्रेड' म्हणजे दूरवर पसरलेलं, 'कॉमन' म्हणजे रोजचंच, 'युबिक्विटस' म्हणजे जावं तिथे हजर, आणि 'रॅम्पंट' म्हणजे आवरेनासं झालेलं (हा बहुतेक वाईटालाच लावायचा). बाई एकेक शब्द म्हणत आणि आम्ही सगळे म्हातारे सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. जन्मभर देवळात गाऱ्हाण्याला उभं राहून गुरवाच्या दर वाक्याला साथ देणाऱ्यांना दुसरं काय सुचणार? बाई आधी दचकल्या, मग हसता हसता त्यांच्या हातून खडू पडला.

शब्द रोज वापरा, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून तिन्हीसांजेला ओट्यावर बसून मी एकटाच वापरीत असे. मोहोराचा वास वाइडस्प्रेड. समुद्राची गाज प्रिव्हेलंट. कावळा युबिक्विटस. मग उजेड विरत जाई, कलमं काळी होत जात, आणि मला बसल्या जागी दिसे की माझ्या पेट्या पाण्यावरून निघाल्यात, वाऱ्यावर पिकल्या आंब्याचा वास आहे, आणि तू धक्क्यावर उभी राहून हात हलवते आहेस. (आंबा विमानाने जातो म्हणे, पण माझ्या स्वप्नात गलबतच असतं.) तुझी भावजय मथुरा गेल्यापासून ही खोडच लागली आहे. भात करपल्याचा वास आला की खाली उतरतो.

तर फॉर्म. त्यात एक रकाना होता : बागेत कीड, रोग, इतर अडचणी. शेजारच्या आप्पांनी तिथे 'निल' लिहिलं. मला त्यांची कीव आली. अगं, ज्याच्या हाती निवारण आहे त्याच्यापुढे काही लपवायचं नसतं, हे आपल्याला लहानपणीच धाकू गुरवाने शिकवलं. एक अडचण सांगायची राहिली तर देव म्हणेल, मला बोलला होतास का? मी दोन पुरवण्या जोडल्या. तुडतुडे प्रिव्हेलंट. भुरी कॉमन. वानर रॅम्पंट. फळमाशी वाइडस्प्रेड. (फळमाशी मी पाच वर्षांत दोनदा पाहिली असेल, पण गाऱ्हाण्यात हात आखडू नये.) शेवटी इंग्रजीतच लिहिलं, काय इडापीडा असेल ती दूर करा आणि लेकरांना सांभाळून घ्या.

कंपनीचं उत्तर आठ दिवसांत आलं. दोनच ओळी. माझी बाग यादीतून वगळली. आप्पांची बाग लागली, आणि माझ्याकडचे तुडतुडे येतात ते आप्पांच्याच बागेतून. ऋजुताबाईंनी मात्र माझ्या पुरवण्यांची नक्कल वर्गात वाचून दाखवली. एकही चूक नाही म्हणाल्या.

तेव्हा आंबा काही विलायतेला जात नाही. तुझाही एस.टी.चा त्रास वाचला.

तुझा
परशुराम

ता. क. : त्रास वाचला, हे मी उगाच लिहिलं.

ता. क. दुसरा : पुरवणीत आणखी एक ओळ होती, ती बाईंनी वर्गात वाचली नाही. 'घरात शांतता रॅम्पंट.' नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, हा शब्द वाईटालाच लावतात." मी म्हटलं, ठाऊक आहे.

ता. क. शेवटचा : ताई, विलायतेचं राहू दे. आंबा इथेच पिकेल, पेंढ्यात अढी घालायला दुसरं माणूस हवं. तू ये. गाऱ्हाणं मी घातलंय, पण कुणी साथ दिल्याशिवाय ते पुरं होत नाही. कार्डावर फार लिहू नकोस. एवढंच लिही : व्हय म्हाराजा.