काशीत सांगितलेलं नाव

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कां. श्रीदेवी हिला तुझ्या सासूचे, अत्तीचे अनेक आशीर्वाद.

हितं आमी बरं हाय. तुझ्या आई-वडिलांना नमस्कार सांग. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं तोंडच बंद होतंय, म्हणून लिहायला बसले.

काशी बघून आलो बाई एकदाची! शेजारची शिवबाई संगं हुती. गाडी सुटायच्या आत खिडकीवरनं भांडली. कचोरी खाऊन तुझ्या मामंजींचं पोट बिघडलं, मग आपली कडक भाकरी आन् शेंगाचटणीच कामाला आली. पहाटे नावेत बसवलं. गाईड सांगत हुता, हा घाट अमक्या राजाचा, तो तमक्या राणीचा. गंगा लई मोठी. आपल्या भीमेला एवढं पाणी पुरातच दिसतंय.

मग चिता जळतात तो घाट आला. आपल्यात पुरतात, जाळत न्हाईत, तरी मला बघवंना. मामंजी मात्र एकटक बघत हुते. म्हणाले, "बसम्मा, उद्या मठात जाऊ."

जंगमवाडी मठ आपल्या लिंगायत लोकांचा. गेलेल्या माणसाच्या नावानं तितं लिंग ठेवतात. मामंजींना काय पायजे ते मला कळलं.

तुला घरी ठेवून अमरेश कामाला म्हणून पुण्याला गेला त्याला आठ वर्षं झाली. फोन न्हाय, पत्ता न्हाय, पोलिसांनी बी हात टेकले. तुझ्या वडिलांनी मंगळवेढ्याच्या विरेशचं स्थळ आणलं, तवा मीच चारचौघांत वराडले, "माझं लेकरू जित्तं हाय!" आन् तू म्हणालीस, "अत्ती म्हणतील तसं." अगं, एकदा तरी भांडायचं हुतंस की माझ्याशी!

मठात स्वामींनी विचारलं, "नाव?" मामंजींच्या आधी मीच सांगितलं, "अमरेश गुरुलिंग बिराजदार." लिंग हातात दिलं, गार लागलं. खाली ठेववंना. शिवबाईनं हात धरला तवा ठेवलं.

खरं सांगू? तो गेलाय असं मला आजबी वाटत न्हाय. कुटंतरी असंल, दोन घास खात असंल. देवाच्या दारात मी खोटं बोलून आले, पोरी. पण सणाला सगळ्या बाया नटतात आन् तू कोपऱ्यात बसतीस, हे बगून माझं काळीज तुटतंय.

विरेशला हो म्हण. वर चि. सौ. कां. लिहिलंय ते चुकून न्हवं, नवरीला लिहितात तसंच लिहिलंय. काशीवरनं हळदीच्या रंगाची साडी आणलीय, ती शिवबाईसंगं पाठवते. मी काय लग्नाला येणार न्हाय. राग मानू नको. माझ्यानं उभं राहवायचं न्हाय.

आन् उद्या अमरेश दारात येऊन उभा राहिलाच, तर तू घाबरू नको. आधी त्याला पोटभर जेवू घालीन. मग सांगीन, तिला मीच पाठवलं. त्याला काय बोलायचं ते मला बोलंल.

अजून तरी तुझीच अत्ती,
बसम्मा