हार घरीच करणार

२३ एप्रिल १९८५, मंगळवार

भांडुप स्टेशनबाहेरच्या फुलवाल्याला विचारलं. लग्नाचे दोन हार आणि चार वेण्या — माझा अर्ध्या महिन्याचा पगार सांगतो! वर म्हणतो, "बाई, सीझन आहे ना." असू दे तुझा सीझन. दादरला पहाटे सुटी फुलं वजनावर मिळतात. हार मी घरीच करणार. लहानपणी मालवणला पाटीभर अबोली गुंफायचे. हात अजून तेच आहेत.

२५ एप्रिल

जयाला सांगितलं. "झकास, आई! पण आत्या?"

बघू तिच्या आत्याला.

२८ एप्रिल, रविवार

वन्सं घाटकोपरहून आल्या. चहाही घेतला नाही. "अगो, चेडवाच्या गळ्यात तुझ्या हातचो हार? तुका काय कळता की नाय?"

हे जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून डोक्यात फूल घातलं नाही, कुणी सांगायची वेळ आणली नाही. आता हातातही घ्यायचं नाही? याच हातांनी कंपनीत औषधाच्या बाटल्या पॅक केल्या, जयाला बी.कॉम. केलं. तेव्हा चालले हात!

म्हटलं, दुकानातला हार कोण करतं, ते विचारून आलात का, वन्सं?

— तर म्हणाल्या, मग कन्यादानाला आम्ही दोघं बसणार नाही.

नका बसू, म्हटलं. बोलून गेले खरी. आता कन्यादानाला कोण बसणार?

१ मे

कंपनीला सुट्टी. सरळ मुलुंडला गेले, जयाच्या होणाऱ्या सासूकडे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगते, म्हटलं. नलिनीबाई लसूण सोलत होत्या. ऐकून घेतलं, सोलत राहिल्या. मला वाटलं, मोडलं लग्न.

मग म्हणाल्या, "मुहूर्त बाराचा आहे. तोवर हार सुकले नाहीत म्हणजे झालं."

ओल्या फडक्यात ठेवीन, म्हटलं.

५ मे

वन्सं पुन्हा. दारातूनच नोटा पुढे केल्या. "हारांचे पैसे मी देतंय. आता तरी गप रव."

परत दिल्या. म्हणजे आता पैसे वाचवायला करते, असं कुणाला सांगायचीही सोय नाही. स्वतःलासुद्धा नाही!

११ मे

पहाटे दादर. शेजारची लता पिशव्या धरायला आली, भावही तिनेच पाडला. वेण्यांना अबोली घेतली — वास नाही, पण दोन-तीन दिवस हूं की चूं करत नाही. दिवसभर बसून दोन्ही हार झाले. वेण्या चार हव्या होत्या: जया, नलिनीबाई, वन्सं, लता. पाच झाल्या. मोजताना चुकले असेन.

१२ मे, रविवार

लग्न लागलं. अंतरपाट सरला, माझे हार गळ्यात पडले. एक पाकळी गळली नाही!

वन्सं साडेअकराला आल्या, यजमानांसकट. कन्यादानाला बसल्या. माझ्याशी एक शब्द नाही. लताने दिलेली वेणी मात्र माळली — आधी हुंगून बघितली. अबोलीला वास कुठला, वन्सं!

१३ मे, सोमवार

पाचवी वेणी ओल्या फडक्यात अजून ताजी. फुकट कशाला घालवायची? माळली. तशीच कामाला निघाले.